बर्लिनच्या जिन्यात अमरावतीची खळ

परदेशी शिकायला निघालेल्या माणसाला लोक काय काय सांगतात! स्वेटर ने, लोणचं ने, झेरॉक्सचे चार संच ने. तिथे डोक्यावर छप्पर मिळवायचं तर आधी स्वतःला दाखवून घ्यावं लागतं, हे मात्र मला एकाही शहाण्याने सांगितलं नाही. म्हणून मी लिहिते आहे. जे जाणार आहेत त्यांनी वाचावं. ज्यांच्या घरची वरची खोली रिकामी पडून आहे त्यांनी तर जरूर वाचावं.

मी अकोल्याची. कॉलेज अमरावतीला झालं आणि त्यातला निम्मा वेळ पत्रकं काढण्यात गेला. बसस्टँडवरचं बायकांचं स्वच्छतागृह असो की हुंडा, मजकूर माझा आणि खळही माझी. मैदा गार पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. शेवटी चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कागदाला कीड लागत नाही. आमच्या खळीने लावलेलं पत्रक पावसाळा काढतं. ज्याच्याविरुद्ध लावलं तो नखं झिजवतो, पण कागद निघत नाही. अमरावतीची मावशी कपाळावर हात मारायची, "तुह्या लग्नाची पत्रिका छापीन म्हनलं, तं तू लोकाईच्या भित्ती चिकट करून राह्यली."

पत्रिकेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. माझं सगळ्यांत गाजलेलं पत्रक मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमावर होतं. 'पोह्यांची बशी आता आमच्या हाती देऊ नका' असा मथळा. माझ्या चुलतबहिणीला पाहायला आलेल्या मंडळींनी तिला खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं होतं. तो राग मी दोन रकान्यांत ओतला होता. हे ध्यानात ठेवा.

चालून दाखवणे, जर्मन पद्धत

शहरनियोजनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि मी बर्लिनला पोहोचले. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त हॉस्टेलात वरच्या बंकवर झोपायचं आणि दिवसा खोली शोधायची. शहराचं पहिलं दर्शन मला छान झालं असं मी म्हणणार नाही. रस्ते रुंद, झाडं भरपूर, पिवळ्या मेट्रोगाड्या पुलावरून डोक्यावर धावतात, आणि गाडीभर माणसं असून कुणी कुणाशी बोलत नाही. आपल्याकडे अकोला ते अमरावती बसमध्ये बडनेरा येईस्तोवर शेजारची बाई आपलं गोत्र, पगार आणि पित्ताचा त्रास सगळं विचारून मोकळी होते. इथे मी एका आजींना "कुठे उतरणार?" असं विचारलं तर त्यांनी पर्स छातीशी धरली.

विद्यार्थ्यांना तिथे अख्खं घर परवडत नाही. तिघं-चौघं मिळून एक घर घेतात, प्रत्येकाला खोली वेगळी, स्वयंपाकघर सगळ्यांचं. एक जण सोडून गेला की उरलेले नवा माणूस निवडतात. निवडतात म्हणजे खुर्चीवर बसवून प्रश्न विचारतात. आणि खोली नुसती डोकं टेकायला लागत नाही. इमारतीच्या दारावर घंटीची बटणं असतात, प्रत्येक बटणाशेजारी त्या घरात राहणाऱ्यांची आडनावं. तिथे तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन तुमचं पत्र टाकत नाही, आणि त्या शहरात सगळं पत्राने येतं. बँकेचं कार्ड पत्राने, विमा पत्राने. घंटीवर नाव नाही म्हणजे तुम्ही नाहीच.

पहिल्या घरात सोफ्यावर चौघं बसले होते, समोर एका स्टुलावर मी. आंघोळीला किती वेळ लावतेस? मित्र घरी येतात का? आणि शेवटी, तू प्राणी असतीस तर कोणता प्राणी असतीस?

"म्हैस," मी म्हणाले.

चौघंही सौजन्याने हसले. "नंतर कळवतो," म्हणाले. नंतर कळवतो! माझ्या चुलतबहिणीच्या आयुष्यातली तीन वर्षं या दोन शब्दांनी खाल्ली आहेत.

संध्याकाळी आईचा फोन. "काय झालं वं? पसंत पडली का तू?"

"नाही पडले."

"काहून?"

"मी म्हैस म्हणाले म्हणून."

"मंग गाय म्हनाचं नं, बाप्पा!"

दुसऱ्या घरात माझा तोल गेला. अमरावतीचं पत्रक मी त्यांना इंग्रजीत तोंडपाठ ऐकवलं. ते फार लक्ष देऊन ऐकत होते, एकीने तर टिपून घेतलं, आणि खोली दुसऱ्याला दिली.

तिसऱ्या घराला सोफाच नव्हता. लेना, नाटकांच्या पडद्यांना रंग देणारी, आणि टोबियास, इतिहासाचा विद्यार्थी, दोघं स्वयंपाकघरात सूप करत होते. लेनाने माझ्या हातात सुरी आणि दोन कांदे दिले. मी तळहातावर धरून कांदा चिरायला लागले तशी दोघं श्वास रोखून उभी राहिली. चिरून झाल्यावर मीच विचारलं, "तुमचं आपसात भांडण झालं की काय करता?"

"चिठ्ठी लिहून फ्रिजला लावतो," टोबियास म्हणाला.

जेवताना लेना म्हणाली, "महिनाभर राहून बघ. मग तिघं मिळून ठरवू."

"तिघं?"

"तू, मी, टोबियास. तुलाही आम्ही पसंत पडायला नको का?"

मी सूप पीत राहिले. दोन रकान्यांच्या पत्रकात मला जे म्हणायचं होतं ते या बाईने भांडी आवरता आवरता म्हटलं होतं.

खाली घंटीवर लेनाने त्यांच्या नावांखाली कागदाची पट्टी चिकटवली. 'वानखडे', पेन्सिलीने. "जमलं तर छापील पट्टी लागेल," ती म्हणाली. तो महिना मी येता-जाता त्या पेन्सिलीकडे पाहत काढला.

रविवार

तिथलं रात्रीचं जेवण ही मोठी शोकांतिका आहे. गॅस पेटतच नाही. काळसर, आंबूस, विटेसारखा पाव, त्यावर चीज, बाजूला काकडी, संपलं. सगळं थंड. बाहेर दुपारी चारला अंधार पडतो, आतही थंड, माणसाने ऊब आणायची कुठून? माझ्याकडे एकच उपाय होता. आईने बळेच बॅगेत कोंबलेला लोखंडी खलबत्ता.

रविवारी तिथे दुकानं बंद असतात, रस्ते ओस. मी म्हटलं, निवांत वेळ आहे, ठेचा करावा. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजल्या, लसूण, मीठ, दाणे, आणि बसले स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून कुटत. ठण ठण ठण. लेना आणि टोबियास बाहेर गेले होते. भाकरीला ज्वारी नव्हती, त्या विटेलाच ठेचा लावला. डोळ्यांत पाणी आलं, अर्धं मिरचीचं आणि अर्धं अकोल्याचं.

सोमवारी जिन्यात, खालच्या दाराच्या आतल्या काचेवर एक टंकलिखित कागद, चारही कोपऱ्यांना पारदर्शक पट्ट्या. लेनाने अर्थ सांगितला. 'प्रिय शेजाऱ्यांनो, रविवार विश्रांतीचा आहे. तिसऱ्या मजल्यावर काल दुपारी लोखंड आपटणाऱ्या व्यक्तीने हे समजून घ्यावं. माझा दिवा हलत होता. – क्र्युगर, दुसरा मजला.'

माझ्यावर पत्रक! अमरावतीत ज्यांच्याविरुद्ध मी पत्रकं लावली त्यांना काय वाटत असेल ते मला पहिल्यांदा कळलं, आणि कळूनही राग काही कमी झाला नाही. दार वाजवून सांगता येत नव्हतं? आमच्याकडे रविवारी लग्नाची वरात असते, बँड असतो, वर नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली ओरडते. आणि इथे एक बाई आपल्या जेवणापुरत्या चार मिरच्या कुटते तर फतवा निघतो? लेना म्हणाली, "इथे तसा नियमच आहे." मी म्हणाले, "नियम कुणाच्या सोयीचा आहे ते विचारायचं असतं." ती कामाला गेली.

मी मैदा काढला.

मोठ्या कागदावर लाल स्केचपेनने मथळा: 'कुणाच्या शांततेसाठी कुणी उपाशी राहायचं?' खाली फोनच्या मदतीने जर्मनमध्ये सात मुद्दे. मोरचूद नव्हतं, बाकी खळ बिनगुठळ्यांची, अगदी चकचकीत झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या भिंतीवर, नेमका क्र्युगरबाईंच्या दारासमोर येईल असा कागद मी हाताने फिरवून फिरवून बसवला. एक बुडबुडा राहू दिला नाही. बऱ्याच दिवसांनी आपण कामाचं काही केलं असं वाटलं.

भिंत

सकाळी लेना जिन्यातून वर आली ती पांढरी पडून. "ते कशाने लावलंयस?"

"खळीने."

"निघतं ना?"

मी अभिमानाने नाही म्हणाले.

टोबियासने खाली जाऊन नखाने खरवडून पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "हा आता इमारतीचाच भाग झाला."

मग लेनाने मला बसवून सांगितलं. या जिन्याच्या भिंतींना कित्येक वर्षं रंग नव्हता. पोपडे पडायचे, ओल यायची. मालकाची कंपनी ढिम्म. तेव्हा एका बाईने मजल्यामजल्यावर फिरून भाडेकरू एकत्र केले, सह्या घेतल्या, बैठका घेतल्या, पुन्हा पुन्हा पाठपुरावा केला. मागच्याच उन्हाळ्यात रंग मिळाला. ती बाई दुसऱ्या मजल्यावर राहते. आणि कंपनीचा माणूस या आठवड्यात काम पाहायला येणार आहे. भिंत खराब दिसली तर तो म्हणणार, तुम्हाला रंग देऊन काय उपयोग.

लढून मिळवलेल्या भिंतीवर मी खळ फासली होती. तीही लढणाऱ्या बाईच्या दारासमोर.

"आणि आपला महिना शुक्रवारी संपतो," लेना म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी बादली, कोमट पाणी आणि जुना टॉवेल घेऊन खाली गेले. माझ्या पत्रकावर कुणीतरी निळ्या पेनने ठिकठिकाणी माझ्या जर्मनच्या दुरुस्त्या केल्या होत्या. मी कागद भिजवायला लागले, तेवढ्यात दार उघडलं. उंच, ताठ, पांढरे केस बारीक कापलेल्या क्र्युगरबाई. मी मोडक्या जर्मनमध्ये माफी मागितली. त्या आत गेल्या, पत्र्याची रुंद पट्टी घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी उभं राहून वरचा कोपरा सोडवायला लागल्या.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मुद्दे चांगले आहेत. चौथा तर फारच चांगला. पण मी माझी तक्रार मागे घेणार नाही."

"माझंही म्हणणं तेच आहे," मी म्हणाले. "फक्त भिंतीबद्दल माफी मागते."

"बरोबर," त्या म्हणाल्या. असं वाटलं, मी अमरावतीत आमच्या पत्रकवाल्या चमूच्या बैठकीत बसले आहे.

कागद निघाला, त्याबरोबर रंगाचा पापुद्राही निघाला. तळघरात उरलेल्या रंगाचा डबा होता, तो त्यांनी आणायला लावला. मी रंग दिला, त्यांनी मागून सूचना दिल्या. काम संपल्यावर त्यांनी विचारलं, "काय कुटत होतीस एवढं?" मी वर जाऊन वाटीत ठेचा आणला. त्यांनी चमचाभर उचलला तेव्हा मी अडवलं, पण त्या ऐकणाऱ्या नव्हत्या. मग त्या रेलिंगला धरून उभ्या राहिल्या, चेहरा लालबुंद, आणि श्वास मिळाल्यावर म्हणाल्या, "शनिवारी. दुपारी जेवणाच्या आधी. खाली जाड कांबळं घालून."

गुरुवारी कंपनीचा माणूस येऊन भिंत पाहून गेला, त्याला काही दिसलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी भाजी घेऊन परत आले तर घंटीवरची माझी पट्टी नव्हती. लेना आणि टोबियासच्या नावांखाली नुसती रिकामी पितळी जागा. हातातली पिशवी खाली ठेवून मी तिथेच पायरीवर बसले. पुन्हा हॉस्टेल, पुन्हा सोफे, पुन्हा म्हैस. एवढी भांडखोर मी, पण भांडायचं कुणाशी? त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं.

दार आतून उघडलं. क्र्युगरबाई, चष्मा कपाळावर, बोटाच्या टोकावर एक पट्टी. या इमारतीतल्या सगळ्या घंट्यांची नावं त्याच छापतात, हे मला तेव्हा कळलं. "अक्षरं बरोबर आहेत का बघ," त्या म्हणाल्या. "तुमची नावं लांब असतात."

काळ्या ठळक अक्षरांत: वानखडे. मी मान हलवली. त्यांनी ती जागेवर बसवली आणि अंगठ्याने दाबली.

वर स्वयंपाकघरात टोबियास म्हणाला, "दोन मतं पडली आहेत. तुझं राहिलंय."

मी दोन्ही हात वर केले.

वाळूतली मेथी

नंतरच्या दिवसांचं फार सांगत नाही. सुखाचे दिवस सांगायला लागलं की लोक उठून जातात. एवढंच, की वसंतात क्र्युगरबाई मला शहराबाहेरच्या त्यांच्या बागेत न्यायला लागल्या. तिथे शहरातली माणसं लहान लहान तुकडे घेऊन भाज्या लावतात, प्रत्येक तुकड्यात खेळण्यातल्यासारखी झोपडी. मी माती हातात घेतली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही माती? ही तर रेती आहे!" बाळापूरकडच्या आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात चप्पल रुतली की चप्पलच तिथे राहते. क्र्युगरबाईंनी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. मग मी आईने पाठवलेली मेथी त्या रेतीत टाकली आणि ती अशी तरारून आली की मलाच गप्प बसावं लागलं. त्या मेथीचे पराठे लेनाने शेवटच्या दिवसापर्यंत मागितले.

निघताना घंटीवरची पट्टी सोडवून क्र्युगरबाईंनी माझ्या हातात दिली. माझ्या पाकिटात आहे.

अकोला, ऑक्टोबर

परत आले ती ऑक्टोबरच्या उन्हात. जठारपेठेत झेरॉक्सच्या दुकानापाशी एक मुलगी विजेच्या खांबावर कागद लावत होती. सेलोटेपने. धुळीच्या, तापलेल्या खांबावर टेप चिकटेना. ती दाबायची, तो वळून खाली पडायचा, ती पुन्हा उचलायची. कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'विद्यार्थिनीला खोली हवी आहे'. तिचं नाव ग्रेस, गाव आफ्रिकेतल्या मलावीत, कृषी विद्यापीठात एम.एस्सी.ला नुकतीच आलेली. खूप घरं हिंडून झाली होती. कुठे मटण खाते का विचारलं, कुठे जात विचारली, कुठे नुसतंच पाहिलं आणि म्हणाले, नंतर कळवतो.

"इथे टेप चालत नाही," मी म्हणाले. "खळ लागते. घरी चल."

आमच्या घराची वरची खोली बँकेतले भाडेकरू बदलून गेल्यापासून रिकामी होती. आईच्या अटी मला माहीत होत्या: ओळखीतला, शाकाहारी, नोकरीवाला. बाबा शेतावर गेले होते. वाटेत ऑटोत मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. बर्लिनपासून सुरुवात, समतेवर शेवट.

स्वयंपाकघरात मी गॅसवर मैदा चढवला. आईने हातातून डाव काढून घेतला, "गुठळ्या करून राह्यली तू. परदेशात हेच शिकली?" आणि स्वतः ढवळायला लागली. "कोन हाये ही पोरगी?"

"ग्रेस. मलावीची. आफ्रिकेत आहे."

"बाप्पा! इतकं दूर! माय हाये का तिले?"

"आहे."

"मायले फोन केला का तिनं आज?"

मी विचारून सांगितलं, केला. तेवढ्यात ग्रेस पातेल्यात डोकावली, तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, आमच्याकडे मक्याच्या पिठाचं सकाळी असंच करतात, मला थोडं मिळेल का?

मी आईला सांगितलं. आईने गॅस बंद केला.

"खळ खातो म्हनते? उपाशी हाये पोरगी, अन् तू तिले भित्ती चिकटवाले घेऊन आली!" पाच मिनिटांत ताटात भाकर, पिठलं, ठेचा. ग्रेसने ठेच्याचा मोठा घास घेतला, शांतपणे चावला आणि आणखी मागितला. आईने माझ्याकडे पाहिलं. अशी पाहुणी तिने आजवर पाहिली नव्हती.

मी घसा साफ केला. "आई, हे बघ, माणूस म्हणून..."

"तू चूप बस. तुह्यं पत्रक पाठ हाये मले." मग ग्रेसकडे वळून, "मटन खाते का?"

"आई! मुलगी पाहून राहिली का तू?"

"इचारू नोको? माह्या घरात राह्यनार हाये थे." ग्रेस म्हणाली, खाते, पण बाहेर खाईन. आईने थोडा विचार केला. "बरं. अन् कुटायचं असन काही तं कुट म्हना, रविवारी बी." ताट ओढून घेत ती मला म्हणाली, "आता तिले इचार."

"काय विचारू?"

"आमी पसंत हाओ का तिले. तूच तं फोनवर सांगे, तथी असंच इचारतात म्हनून."

मी विचारलं. ग्रेसने हात पुसले, भोवती पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि उत्तर द्यायच्या आधी तिला रडू आलं. आईला भाषांतर लागलं नाही.

पातेल्यात खळ तशीच होती. मी पाकिटातली माझी पट्टी काढून पाहिली, परत ठेवली, आणि वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'ग्रेस' लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत. दारावर बाबांची संगमरवरी पाटी आहे, तिच्याखाली पुठ्ठा टेकवला. मागून आई पातेलं घेऊन उभी.

"कोपऱ्याईले लाव अजून," ती म्हणाली. "घट्ट दाब. निंघाले नाई पाह्यजे."